चिकनमध्ये अँटिबायोटिक आहे का? नमुन्यापासून रिपोर्टपर्यंतची वाट

"मॅडम, एक किलो चिकन आणलंय. त्यात अँटिबायोटिक आहे का, तेवढं बघून द्या."

आठवड्यातून एकदा तरी असं कुणीतरी आमच्या प्रयोगशाळेत येतं. हातातल्या काळ्या पिशवीतून लालसर पाणी ठिबकत असतं. पिशवी सकाळी सातला दुकानातून निघालेली आणि आता दुपारचे दोन वाजलेले. माणूस प्रामाणिक असतो, काळजीही खरी असते, पण त्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं. 'अँटिबायोटिक' या नावाचा एकच पदार्थ असता तर बरं झालं असतं. एन्रोफ्लॉक्सासिन शोधायची पद्धत नायट्रोफ्युरानला चालत नाही, आणि नायट्रोफ्युरानची पद्धत अमॉक्सिसिलिनच्या कामाची नाही. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त फुकट गेलेल्या तपासण्या मशिनच्या दोषामुळे फुकट जात नाहीत. प्रश्न मोघम असतो किंवा नमुना चुकीचा असतो, आणि पैसे तिथेच वाया जातात.

हा लेख तिघांसाठी आहे: कॉन्ट्रॅक्टवर किंवा स्वतःच्या जोखमीवर ब्रॉयलर पाळणारा शेतकरी, हॉटेल-मेस किंवा ड्रेसिंग युनिटसाठी माल घेणारा माणूस, आणि प्रयोगशाळेत नुकताच रुजू झालेला मुलगा किंवा मुलगी. तिसऱ्यांसाठीचा भाग थोडा जड आहे. इतरांनी तो वरवर वाचला तरी हरकत नाही, पण नमुन्याचा भाग सगळ्यांनी वाचावा.

आधी औषधाचं नाव

पक्ष्यांना नेमकं काय दिलं जातं, इथून सुरुवात करा. आपल्याकडे ब्रॉयलरला बहुतेक औषधं पाण्यातून जातात. श्वसनाचा त्रास म्हणजे सीआरडी किंवा ई-कोलाय दिसलं की एन्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन, टायलोसिन, हगवणीला निओमायसिन, फीडमध्ये कधी क्लोरटेट्रासायक्लिन. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१४ साली दिल्ली आणि परिसरातले ७० नमुने तपासले होते. त्यांतल्या ४० टक्के नमुन्यांत अवशेष सापडले, आणि सापडलेली नावं अशी होती: ऑक्सिटेट्रासायक्लिन, क्लोरटेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन.

सिप्रोफ्लॉक्सासिनचं नाव वाचून लोक हमखास चुकतात. कोंबडीच्या शरीरात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो. रिपोर्टात सिप्रो दिसलं म्हणून कुणी माणसांच्या गोळ्या पाण्यात टाकल्या असं लगेच धरू नका. मर्यादासुद्धा दोघांची बेरीज करून मोजतात.

शेतकरी असाल तर बॅचचं औषध-रजिस्टर घ्या आणि शेवटच्या १५ दिवसांत काय दिलं ते कागदावर लिहा. रजिस्टर नसेल तर शेडमागच्या रिकाम्या बाटल्या आणि पाकिटं गोळा करून त्यांचे फोटो काढा. हसू नका, मी हे स्वतः सांगते आणि त्याचा उपयोग होतो. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात घटक असतात, आपल्याला तेच हवे असतात. खरेदीदार असाल आणि फार्मची माहितीच नसेल, तर औषधांचे चार गट मागा: फ्लोरोक्विनोलोन (एन्रोफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन), टेट्रासायक्लिन (डॉक्सिसायक्लिन वगैरे), मॅक्रोलाइड (टायलोसिन) आणि सल्फा. त्यांच्या जोडीला बंदी असलेल्या औषधांची दोन नावं घाला, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे चयापचयी अंश, म्हणजे शरीरात औषध मोडून उरणारे भाग.

ही दोन औषधं आणि बाकीची औषधं यांत फरक आहे. एन्रोफ्लॉक्सासिनला मर्यादा आहे, म्हणजे 'किती' हा प्रश्न विचारता येतो. बंदी असलेल्या औषधाला 'किती' चालत नाही. कोलिस्टिनची विक्री आणि वापर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये थांबवला. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानवर २०२५ मध्ये तशीच बंदी आली.

जाता जाता एक सांगते. 'इंजेक्शन देऊन हार्मोनने फुगवलेल्या' कोंबडीचा शोध या तपासणीत लागत नाही. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला रोज सुई टोचत बसायला कुणाला वेळ आहे, हा प्रश्न मी विचारणाऱ्यालाच परत विचारते.

मर्यादेची रेघ कुठे आहे

भारतात हे काम एफएसएसएआय, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, 'दूषित घटक, विषारी द्रव्ये आणि अवशेष' या २०११ च्या नियमावलीत येतं. तिच्यात वेळोवेळी बदल होतात. २०२४ च्या दुरुस्तीने मर्यादा आणि बंदीची यादी पुन्हा कडक केली आणि ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. म्हणून प्रयोगशाळेला लेखी सांगा की तुलना आजच्या तक्त्याशी करा. जुना रिपोर्ट समोर ठेवून 'मागच्या वेळी पास होतं' असं म्हणण्यात अर्थ नाही.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून युरोपीय संघाच्या मर्यादा सांगते, कारण निर्यातदार त्याच बघतात. एन्रोफ्लॉक्सासिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनची बेरीज कोंबडीच्या मांसात १००, यकृतात २०० आणि मूत्रपिंडात ३०० मायक्रोग्रॅम प्रति किलो. डॉक्सिसायक्लिन मांसात १००, यकृतात ३००, मूत्रपिंडात ६००. ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या गटाला कोडेक्स, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकं, मांसात २०० देतं, युरोप १००. एक मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे एक टन मांसात एक मिलिग्रॅम. हे ध्यानात ठेवलं की पुढे हातमोज्यांचा एवढा आग्रह का धरते ते कळेल.

अवयवागणिक आकडा बदलतो, म्हणून 'चिकनमध्ये १५०' या वाक्याला काही अर्थ नाही. कलेजीत १५० चालेल, छातीच्या मांसात चालणार नाही.

नमुना: सगळा खेळ इथे

पाण्यातून औषध दिलेल्या शेडमध्ये सगळे पक्षी सारखं पाणी पीत नाहीत. दांडगा पक्षी जास्त पितो, आजारी कमी पितो. पाइपलाइनच्या सुरुवातीच्या निपलला आणि शेवटच्या निपलला येणारं औषधही सारखं नसतं. म्हणून एका पक्ष्यावरून बॅचचा निकाल लावू नका.

मग किती पक्षी घ्यायचे? गणित सरळ आहे. बॅचमधल्या ५ टक्के पक्ष्यांत अवशेष मर्यादेपेक्षा जास्त असतील आणि त्यांतला एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती लागायला हवा, तर ५९ पक्षी लागतात. १० टक्के पक्ष्यांत असेल तर २९ पुरतात. स्वतःच्या माहितीसाठी तपासणारा शेतकरी एवढे देणार नाही, आणि त्याने द्यावेत असं मी म्हणतही नाही. शेडच्या चार कोपऱ्यांतून एकेक आणि मधून दोन असे सहा पक्षी घ्या. यातून बॅचची खात्री मिळत नाही, अंदाज मिळतो. तेवढं स्वतःशी कबूल करून पुढे जा.

पक्षी कधी घ्यायचे हे संख्येपेक्षा महत्त्वाचं आहे. विक्रीसाठी पक्ष्यांची उचल ठरली असेल त्याच्या तीन-चार दिवस आधी घ्या. म्हणजे रिपोर्ट वाईट आला तर उचल पुढे ढकलता येते. माल गेल्यावर आलेला रिपोर्ट फाइलला लावण्यापुरता उरतो. गटारीच्या आठवड्यात हे कुणी ऐकत नाही, हे मला माहीत आहे. दर चढलेला असतो, गाडी दोन दिवस आधी येते आणि औषध बंद करून किती दिवस झाले हे विचारायला कुणाला सवड नसते. तपासणीसाठी वर्षातला एकच आठवडा निवडायचा झाला तर मी तोच निवडेन.

आता कोणता भाग घ्यायचा ते बघू. मांस घेताना छाती आणि तंगडी दोन्ही घ्या, हाड काढून, एकूण अर्धा किलो. हाड मुद्दाम वगळायचं, कारण टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून हाडात साठतं. हाडाचा चुरा मिसळला की आकडा मांसाचा राहत नाही. कातडी ठेवली की काढली हे नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहा. कलेजी साधारण पाव किलो लागते, म्हणजे सहाही पक्ष्यांची. मूत्रपिंड दुकानात कुणी वेगळं देत नाही, पण ते पाठीच्या हाडांच्या खोबणीत दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी चिकटलेलं असतं. पाठीचा तुकडा मागितला की बोटाने सोडवता येतं. औषध दिलं होतं का एवढाच प्रश्न असेल तर कलेजी आणि मूत्रपिंड बघा, तिथे ते सापडायची शक्यता जास्त. माल कायद्यात बसतो का हा प्रश्न असेल तर जो भाग विकणार तोच तपासा.

हात धुऊन नायट्राइल हातमोजे घाला. ज्याला डोळ्यांचं मलम किंवा थेंब चालू आहेत त्याने नमुन्याला हात लावू नये. माणसांच्या डोळ्यांच्या औषधांत क्लोरॅम्फेनिकॉल असतं आणि त्याचा शोध आम्ही एका मायक्रोग्रॅमच्याही खाली घेतो. माझ्या ओळखीच्या एका प्रयोगशाळेत लागोपाठ तीन नमुने पॉझिटिव्ह आले. शेवटी कळलं की नमुने कापणाऱ्या मुलाचे डोळे आले होते. शेतकऱ्याची झोप उडाली ती उडालीच.

दुकानातल्या बर्फाच्या पाण्यातला तुकडा घेऊ नका. साधी स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी घ्या, प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, मध्ये चिठ्ठी. चिठ्ठीवर बॅच क्रमांक, वय, भाग, तारीख, वेळ, शेवटचं औषध आणि ते बंद केल्याची तारीख लिहा. बॉलपेनने लिहा, शाईपेनचं ओलाव्याने पसरतं. मीठ, व्हिनेगर, फॉर्मालिन काहीही लावायचं नाही. तीन-चार तासांत पोचत असेल तर बर्फावर ठेवा, नाहीतर उणे २० अंशांवर गोठवून मगच पाठवा. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन शोधायचं असेल तर घाई करा. ही औषधं गोठवलेल्या मांसातही हळूहळू तुटतात, म्हणून प्रयोगशाळा त्यांना उणे ७० किंवा ८० वर ठेवते. उशिरा आलेल्या नमुन्यात अमॉक्सिसिलिन 'आढळले नाही' असं लिहिताना माझाच हात अडखळतो.

नमुन्याचे दोन सारखे भाग करा आणि एक स्वतःच्या फ्रीजरमध्ये सीलबंद ठेवा. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा कायद्याने त्याचे चार भाग करतो, ते उगाच नाही.

प्रयोगशाळा निवडताना

'एनएबीएल मान्यता आहे' या पाटीवर थांबू नका. एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ. मान्यता सरसकट इमारतीला मिळत नाही. एकेका पदार्थातल्या एकेका घटकासाठी मिळते. प्रयोगशाळेच्या मान्यतेची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर मिळते. तिच्यात कोंबडीच्या मांसापुढे तुमच्या औषधाचं नाव आहे का ते बघा. दूध आणि मधासाठी मान्यता असलेली जागा मांसासाठी असेलच असं नाही. देशपातळीवर हैदराबादजवळच्या चेंगिचेर्ला इथली राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आणि आणंदची एनडीडीबीची 'काफ' ही प्रयोगशाळा या कामासाठी माहीत असाव्यात.

फोनवर तीन प्रश्न विचारा. हे औषध किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता? नुसती चाळणी, म्हणजे पहिली झटपट तपासणी, करता की खातरजमाही? राहिलेला नमुना किती दिवस ठेवता? पहिल्या प्रश्नाला आकडा न देता 'सगळं करतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

चाळणी: स्वस्त, वेगवान आणि थोडी लबाड

चाळणी म्हणजे पॉझिटिव्ह वाटणारे नमुने बाजूला काढणं. सगळ्यांत जुनी रीत जिवाणूंची आहे. जिवाणू वाढवायचे, त्यांत मांसाचा तुकडा किंवा रस घालायचा, आणि जिवाणू वाढले नाहीत तर मांसात त्यांना रोखणारं काहीतरी आहे असं समजायचं.

तयार नळ्यांच्या किटमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा गरम वातावरणात वाढणारा जिवाणू असतो. मांस पिळून १०० मायक्रोलिटर रस नळीत घाला, किटवर दिलाय तेवढा वेळ खोलीच्या तापमानाला ठेवा, रस धुऊन काढा आणि नळी ६४ अंशांच्या ठोकळ्यात बसवा. साधारण तीन तासांत औषध नसलेली नळी जांभळ्याची पिवळी होते. तुमच्या नमुन्याची नळी जांभळीच राहिली तर नमुना संशयित. वेळ घड्याळाने ठरवू नका, कंट्रोलची, म्हणजे औषध नसलेली, नळी पिवळी झाली की त्याच मिनिटाला वाचा. मूत्रपिंडात लायसोझाइमसारखे नैसर्गिक घटक जिवाणूंना रोखतात आणि खोटा पॉझिटिव्ह देतात, म्हणून रस आधी ८० अंशांवर १० मिनिटं तापवून घ्या.

या किटची मोठी गोम सांगते. हा जिवाणू पेनिसिलिनला फार नाजूक आहे, पण फ्लोरोक्विनोलोनला दाद देत नाही. म्हणजे ब्रॉयलरमध्ये ज्याचा संशय सर्वांत जास्त, ते एन्रोफ्लॉक्सासिन यातून निसटतं. 'किटमध्ये निगेटिव्ह' असा कागद घेऊन येणाऱ्या कित्येकांना मी हे सांगितलंय आणि प्रत्येकाचा चेहरा पडलाय.

त्यावर उपाय म्हणजे ई-कोलायची पेट्री प्लेट. पीएच ८ च्या आगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) ई-कोलाय जिवाणू मिसळून पातळ थर ओता. गोठलेल्या मांसातून ८ मिलिमीटर व्यासाची, २ मिलिमीटर जाडीची चकती कापा आणि ती गोठलेली असतानाच आगारवर ठेवा. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनची कागदी चकती कंट्रोल म्हणून ठेवा. ३७ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी बघा. चकतीभोवती २ मिलिमीटर किंवा जास्त रुंदीचं स्वच्छ कडं दिसलं तर क्विनोलोनचा संशय धरा. कंट्रोलभोवती कडं आलं नसेल तर अख्खी प्लेट फेका, नमुना निगेटिव्ह धरू नका. टेट्रासायक्लिनसाठी असंच काम बॅसिलस सेरिअस पीएच ५.९ च्या आगारवर ३० अंशांत करतो.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ज्या बारीक पातळीवर शोधायचे असतात तिथे कुठलाही जिवाणू उपयोगी नाही. त्यांच्यासाठी एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांनी औषध पकडून रंगावरून मोजायची किट.

एलायझाचं उलटं गणित नव्या मुलांना गोंधळात टाकतं. रंग जास्त म्हणजे औषध कमी. किटच्या प्लेटमधल्या छोट्या खळग्यातल्या, म्हणजे 'विहिरी'तल्या, प्रतिपिंडांसाठी नमुन्यातलं औषध आणि किटमधलं रंग देणारं संयुग यांची चुरस असते. औषध जास्त असेल तर ते जागा अडवतं आणि रंग फिका पडतो. शून्य मानकाचं (औषध नसलेल्या ठरावीक द्रावणाचं) ४५० नॅनोमीटरवरचं वाचन १.६२० आणि नमुन्याचं ०.४८६ आलं, तर नमुना ३० टक्के. हा ३० टक्के मानकांच्या आलेखावर बसवला की मात्रा मिळते. प्रत्येक नमुना दोन विहिरींत चालवा. दोघांत मोठी तफावत आली तर सरासरी काढून मोकळं होऊ नका, पिपेट तपासा. किटच्या पत्रकातला 'क्रॉस-रिअॅक्टिव्हिटी'चा तक्ताही वाचा. एन्रोचं किट सिप्रोलाही ओळखतं, कधी पूर्ण, कधी अर्धवट. हे माहीत नसेल तर आकडा खरा वाटतो आणि तो खरा नसतो.

चाळणीची पद्धत निवडताना एकच कसोटी लावा: मर्यादेवरचे १०० नमुने दिले तर तिने ९५ तरी पकडले पाहिजेत. खोटे पॉझिटिव्ह थोडे चालतात, कारण पुढे खातरजमा आहे. खोट्या निगेटिव्हला पुढे कुणी विचारत नाही.

खातरजमा: एलसी-एमएस/एमएस

चाळणीच्या जोरावर कुणाचाही माल नापास करू नका. त्यासाठी रेणूचं वजन आणि त्याचे तुकडे ओळखणारं मशिन लागतं, तेच हे एलसी-एमएस/एमएस. क्विनोलोन आणि टेट्रासायक्लिन एकत्र काढायची वाट अशी.

मांस अर्धवट गोठलेलं असताना वाटा. पूर्ण वितळलं की रस सुटतो आणि वजन खोटं होतं. ५० मिलिलिटरच्या पॉलिप्रोपिलीन नळीत २ ग्रॅम घ्या. काचेची नळी टाळा, टेट्रासायक्लिन काचेला चिकटतं. त्यात एन्रोफ्लॉक्सासिन-डी५ सारखं आंतरिक मानक घाला आणि १० ते १५ मिनिटं तसंच ठेवा, मांसात मुरू द्या. ही पायरी गाळणारे पुढे रिकव्हरी (घातलेलं औषध परत मिळण्याचं प्रमाण) का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

मग थोडं ईडीटीए. टेट्रासायक्लिन मांसातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून बसतं, ईडीटीए ते धातू ओढून घेतं आणि औषध मोकळं होतं. वर १० मिलिलिटर असिटोनायट्राइल आणि पाणी, ८० ला २०, त्यात ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल. दहा मिनिटं जोरात हलवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. प्रथिनं खाली बसतात. वरचा द्रव हेक्सेनने धुऊन चरबी काढा. त्यातले ५ मिलिलिटर ४० अंशांवर नायट्रोजनच्या झोताखाली सुकवा, पूर्ण कोरडं खरपूस होईपर्यंत नको. १ मिलिलिटरमध्ये परत विरघळवा, ०.२२ मायक्रॉनमधून गाळा आणि मशिनला द्या.

मानकं साध्या द्रावणात करू नका. औषध न दिलेल्या कोंबडीच्या मांसाचा असाच अर्क काढून त्यात मानकं घाला, कारण मांसातले इतर घटक सिग्नल दाबतात किंवा फुगवतात. शून्य, मर्यादेच्या पाव, अर्धी, एक, दीड आणि दोन पट असे बिंदू ठेवा. खात्रीचं निर्मळ मांस मिळवणं हीच खरी अडचण आहे. मी एका ओळखीच्या घरून गावठी कोंबडी आणते आणि तीसुद्धा आधी तपासते.

मशिनवर एन्रोफ्लॉक्सासिनचा ३६० वस्तुमानाचा आयन फुटून ३१६ आणि ३४२ असे तुकडे देतो, सिप्रोचा ३३२ चा २८८. एका औषधाचे दोन तुकडे दिसले पाहिजेत. त्यांचं एकमेकांशी प्रमाण मानकाच्या ४० टक्क्यांच्या आत हवं आणि बाहेर पडायची वेळ मानकापासून १ टक्क्यापेक्षा जास्त हलता कामा नये. युरोपच्या २०२१ च्या नियमातल्या या अटी आहेत आणि त्या सोयीच्या आहेत, कारण वाद झाला की बोट ठेवायला जागा मिळते. एक तुकडा दिसला, दुसरा दिसला नाही, तर 'आढळले' असं लिहायचं नाही.

गणित वहीत करून बघा. २ ग्रॅम मांसाचा १० मिलिलिटर अर्क, त्यातला निम्मा घेतला, म्हणजे १ ग्रॅम मांस, तेही १ मिलिलिटरमध्ये. मशिनवर ४६ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं तर मांसात ४६ मायक्रोग्रॅम प्रति किलो. सिप्रो ९ आलं तर बेरीज ५५. प्रत्येक फेरीत एक निर्मळ मांस आणि एक मुद्दाम औषध घातलेलं मांस चालवा. घातलेल्याचं ८० ते १२० टक्के परत मिळालं नाही तर अख्खी फेरी परत करा, भले संध्याकाळचे सात वाजले असोत.

नायट्रोफ्युरानची वाट वेगळी. मूळ औषध काही तासांत नाहीसं होतं, पण त्याचे अंश प्रथिनांना चिकटून आठवडेच्या आठवडे राहतात. ते सोडवायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि २-नायट्रोबेन्झाल्डिहाइडमध्ये ३७ अंशांवर रात्रभर, १६ तास ठेवावं लागतं. नंतर पीएच ७ ला आणून इथाइल असिटेटने काढतात. म्हणून हा रिपोर्ट त्याच दिवशी मागू नका. चार अंशांपैकी एकटं सेमिकार्बाझाइड आलं तर लगेच आरोप करू नका, ते दुसऱ्या मार्गांनीही येऊ शकतं.

रिपोर्ट वाचताना

'आढळले नाही' म्हणजे शून्य नव्हे. त्याच ओळीत मोजणीची खालची मर्यादा छापलेली असली पाहिजे. 'एलओक्यू १०' म्हणजे १० च्या खाली काय आहे ते या रिपोर्टाला ठाऊक नाही. एन्रोसाठी हे पुरेसं आहे, क्लोरॅम्फेनिकॉलसाठी नाही. तिथे युरोप ०.१५ बघतो.

दुसरी गोष्ट अनिश्चितता. मर्यादा १०० आणि रिपोर्ट ११२ अधिक-उणे २२. खालचं टोक ९० येतं, म्हणून हा नमुना मर्यादा ओलांडतो असं खात्रीने म्हणता येत नाही. खरेदीदार म्हणून तुम्ही तो माल नाकारू शकता, पण पुरवठादारावर आरोप करू नका. १४० अधिक-उणे २२ आलं तर गोष्ट वेगळी.

तिसरं, अवशेष आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू हे दोन वेगळे विषय आहेत. निर्मळ रिपोर्ट आलेल्या कोंबडीवरही असे जिवाणू असू शकतात, तिला धुणारं सिंक आणि कापणारी सुरी घासावीच लागते.

आणि स्वयंपाकघरातला नेहमीचा प्रश्न, शिजवल्यावर जातं का? टेट्रासायक्लिन उष्णतेने काही प्रमाणात कमी होतं. एन्रोफ्लॉक्सासिन उष्णतेला दाद देत नाही. उकळलं की मांसातलं थोडं पाण्यात उतरतं, आणि आपण ते पाणी ओततो कुठे? त्याचाच तर रस्सा होतो.

ग्राहक म्हणून दुकानाविरुद्ध जायचं असेल तर स्वतः कापलेला नमुना कायद्यात टिकत नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार विकत घेतानाच दुकानदाराला सांगून, फी भरून, अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. नाहीतर एफडीएकडे लेखी तक्रार करा आणि नमुना अधिकाऱ्याला घेऊ द्या.

फार्मवर पॉझिटिव्ह आलं तर

पहिल्यांदा औषधाच्या लेबलवरचा विदड्रॉल काळ वाचा, म्हणजे शेवटचा डोस आणि कत्तल यांतले दिवस. लेबलवर तो लिहिलेला नसेल तर औषध नियमांनुसार मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. ब्रॉयलर ३५ ते ४० दिवसांत जातो, म्हणजे असं औषध सात ते बारा दिवसांच्या पिल्लानंतर देताच येत नाही. अशी बाटली दुकानातच परत करा.

काळ पाळूनही अवशेष आले, असं शपथेवर सांगणारे शेतकरी मी पाहिलेत आणि बरेचदा ते खरं बोलत असतात. मग चार जागा शोधा. पाण्याची टाकी आणि पाइप: आत बुळबुळीत थर असेल तर त्यात औषध अडकतं आणि नंतर सुटत राहतं, म्हणून औषधाचा कोर्स संपला की लाइन धुवा. फिनिशर फीड, म्हणजे शेवटच्या दिवसांतलं खाद्य: त्याच मिक्सरमध्ये आधी औषधी फीड बनलं असेल तर पहिल्या पोत्यांत ते उतरतं, म्हणून फीडचाही नमुना द्या. लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली पसरलेला तुसाचा थर: पक्षी विष्ठा मिसळलेला तूस टोचतात आणि शरीराबाहेर गेलेलं एन्रोफ्लॉक्सासिन पुन्हा पोटात जातं. चौथी जागा म्हणजे शेजारची शेड: एकाच बादलीने दोन्हीकडे औषध कालवलं जातं का ते बघा.

शोध संपेपर्यंत त्या शेडचे पक्षी उचलू नका. चार-पाच दिवसांनी पुन्हा सहा पक्षी, त्याच कोपऱ्यांतून, तेच भाग, त्याच प्रयोगशाळेत. पहिला आकडा ११८ आणि दुसरा ४० आला तर औषध शरीराबाहेर चाललंय, थांबण्याचा उपयोग होतोय. ११८ चा ११५ झाला तर पक्ष्यांना अजूनही कुठून तरी औषध मिळतंय, आणि अशा वेळी मी सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडायला सांगते.